लॅमिनेट केलेलं गिफ्ट कार्ड

अण्णा,

सून असून सकाळी तुमच्यावर ओरडले, चुकलं माझं. तुमी चहा न घेताच शेतावर गेलात.

माझ्या आईनं वारायच्या आधी मला दिलेलं गिफ्ट कार्ड तुमी रेशनकार्डासारखं जपायला म्हणून लॅमिनेट केलंत. पण खरवडायची पट्टी आतच राहिली, नंबर दिसत नाय, आणि आज शेवटची तारीख हाय. दुकानदार म्हणतो, चालणार नाय. ग्राहक हेल्पलाइनवाली म्हणाली, खरेदीची पावती दाखवा, तरी नाय म्हणाला तर नकार लेखी मागा. पावती माहेरी पोशीरला माझ्या दादाकडं हाय, ती घेऊन तशीच कर्जतला दुकानात जाते. लेखी घेतल्याशिवाय दुकानातनं हलणार नाय.

भाकरी टोपलीत हाय, जेवून घ्या.

टीव्हीजवळ आईचा फोटो ठेवलाय. तो मात्र तुमीच लॅमिनेट करून आणा. तो कुणी खरवडायला सांगणार नाय.

हर्षला