तांब्याच्या पट्टीवरचे तिरपे चरे

खोडाळा. दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ.

आमच्या घरातला तोफगोळा जव्हारच्या राजाच्या सलामीचा, असं बाबा मला लहानपणापासून सांगत आलेत. काल शस्त्रपूजेला मीच तो चिंचेने घासला. बुडाशी तांब्याची पट्टी उजळली, तिच्यावर तिरपे चरे.

आज शाळेत आठवीला शिकवायच्या तासासाठी तोफांवर वाचत बसले आणि तीच पट्टी चित्रात दिसली. आधीच्या गोळ्यांत जळती वात असायची, ती वाटेतच विझायची. मग गोळ्याच्या टोकाला आदळल्यावर फुटणारी टोपी आली. आत सुई आणि सुईला अडवणारी खीळ. तोफ उडाली की धक्क्याने खीळ सुटते, पुढे नुसता आपटायचा अवकाश. आणि तोफेच्या नळीतल्या तिरप्या खाचांतून उडाल्याशिवाय पट्टीवर तसे चरे उठत नाहीत.

म्हणजे हा उडालाय, पण फुटलेला नाही. टोपी तशीच आहे. आणि सलामीला तर गोळा भरतच नाहीत! मग बाबांनी आणला कुठून? तरुणपणी ते नाशिककडे मजुरीला जायचे, तिथे लष्कराचा तोफांच्या सरावाचा माळ होता. दर दसऱ्याला नारळ फोडताना आम्हा पोरांना लांब खळ्यावर का पाठवायचे? मला ती पूजेची रीत वाटायची.

पोलिसांना फोन केला. हात लावू नका, घर सोडा म्हणाले. आता काकांच्या ओट्यावर बसून लिहितेय, आई आत आहे. मघाशी बाबांना त्या चऱ्यांचं सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील, मला वेड्यात काढतील.

खाली बघत त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्या आईला सांगितलंस काय?"