हॉलकडून अकरावा

हॅसलबी हॉल,
सोमवार सकाळ.

तीर्थस्वरूप हेस्टर आत्या हिला भाची टॅम्सिनचा नमस्कार.

तुझा खोकला गेला असेल असं धरून चालते. नसेल तर डॉक्टरकडे जा, शेजारणीच्या काढ्यावर विसंबू नकोस. संत्र्याचा मुरंबा पोचला, मनापासून आभार. (एक बरणी वाटेत फुटली, पण ती पार्सलमधल्या मोज्यांनी शोषून घेतली. मोज्यांचेही आभार.) मी ठीक आहे. डाव्या डोळ्याखाली सूज आहे, तिचं कारण पुढे येईल.

मला इथे पाइप घालायला पाठवलं आहे, हे तुला ठाऊक आहेच. हॉलचे, म्हणजे या जुन्या वाड्याचे, आता वयस्क माणसांसाठी फ्लॅट होणार आहेत आणि वयस्कांना ऊब लागते. (हॉलमध्ये ती कधीच नव्हती. इथे स्वयंपाकघरातून निघालेलं उकडलेलं अंडं जेवणघरात गार होऊन पोचतं.) ही ऊब जमिनीतून खेचायची, त्यासाठी समोरच्या हिरवळीखाली पाइपांचं जाळं पसरायचं, असा हॉल विकत घेणाऱ्या कंपनीचा बेत आणि माझा नकाशा. अडचण एवढीच, की त्या हिरवळीवर गाव क्रिकेट खेळतं. गावातली बाकीची जमीन उताराची आहे, नाहीतर गाईंची. कुणा जुन्या लॉर्डसाहेबांनी हे मैदान गावाला दिलं ते एका अटीवर. दर उन्हाळ्यात हॉल विरुद्ध गाव असा सामना झाला पाहिजे आणि दोन्हीकडे पुरे अकरा हवेत. एक उन्हाळा चुकला की मैदान मालकाचं. आता हॉलचा खेळाडू कोण? आदली रात्र जो हॉलच्या छपराखाली झोपला तो, मग तो कुणी का असेना.

त्यामुळे या घराचा सगळा इतिहास गावाला क्रिकेटमधूनच पाठ आहे. आधी हॉलकडून नोकर-माळी खेळत. (लॉर्डसाहेब कधीच बाद होत नसत, कारण पंच त्यांचाच खानसामा.) युद्धात इथे इस्पितळ झालं तेव्हा कुबड्या बाजूला ठेवून सैनिक खेळले आणि गाव हरलं. हे गाव विसरलेलं नाही. पुढे मुलींची शाळा आली आणि गाव पुन्हा हरलं. हे गाव विसरल्याचं दाखवतं. मग विमा कंपनीचे शिकाऊ कारकून आले. गेली काही वर्षं मौन पाळणाऱ्यांचं ध्यानकेंद्र होतं. त्या बिचाऱ्यांना अपील करता येईना. उत्तम झेल घ्यायचे आणि पंचांकडे नुसतं करुण नजरेने बघत राहायचे. पंच म्हणजे आमचे पाद्रीबाबा. ते म्हणायचे, "विचारल्याशिवाय मी कसं सांगू?"

यंदा घर रिकामं. छपराखाली झोपणारे म्हणजे मी आणि नळाची व विजेची कामं करणारे नऊ जण. एक माणूस कमी. गावातलं कुणी येऊन झोपलं असतं, पण कंपनीचे पियर्स लॅटिमर यांनी गावकऱ्यांना उंबरा ओलांडायची बंदी केली होती. (कारण दिलं सुरक्षिततेचं.) म्हणून गावाचे कप्तान डन्स्टन ऑगल, गुरांचे निवृत्त डॉक्टर, खिडकीखाली उभे राहून माझ्याशी बोलत. मैदान गेलं तर रविवारी घरी बसून बायकोशी काय बोलायचं, ही त्यांची खरी काळजी. मी कधी खेळले नाही असं सांगितलं, तर म्हणाले, "पोरी, हात दोन आहेत ना? आमच्या यष्टिरक्षकापेक्षा एक जास्तच आहे." रोज संध्याकाळी त्यांनी मला झेल शिकवले, म्हणजे स्वतःचा विरोधी संघ स्वतःच घडवला. मिसेस ब्लॅग, सामन्याचा चहा त्यांच्याकडे असतो, खिडकीच्या कट्ट्यावर गरम पेस्ट्री ठेवून जात. मटण भरलेली. ज्यांचं मैदान मी खणणार होते, त्यांनी मला एक दिवसही उपाशी ठेवलं नाही. कृतज्ञता हा शब्द मी जपून वापरते. इथे वापरते.

सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी पियर्स स्वतः आले, हॉलकडे दहाच आहेत ना हे डोळ्यांनी बघायला. परतताना ओढ्यात त्यांची मोटार रुतली. ऑगलांचा ट्रॅक्टर त्याच संध्याकाळी आजारी पडला. (मी यंत्र तपासलं नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं.) पियर्स मौनवाल्यांच्या एका खोलीत झोपले. सकाळी ऑगल टोपी हातात घेऊन दाराशी आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, तुमच्या बाजूला एक गडी कमी पडतोय. तुमची हरकत नसेल तर..."

"छे छे, हरकत कसली! आनंदाने!" पियर्स म्हणाले आणि मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. आत्या, या माणसाचं तोंड त्याच्या डोक्यापेक्षा चांगल्या शाळेत शिकलं आहे. एकदा हो म्हटल्यावर माघार घेणं आपल्याकडे कुणाला जमलं आहे?

सामन्यात माझं काम थोडं होतं. उंच आलेला एक चेंडू कुठे पडेल हे मी अचूक ताडलं. तो तिथेच पडला. तिथे माझा चेहरा होता. शेवटी हॉलला जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती, मी आणि पियर्स. ते झकास खेळत होते आणि मळत चाललेली पँट विसरले होते. तेवढ्यात ऑगलांचा चेंडू त्यांच्या पायावर आदळला. सगळं गाव ओरडलं आणि पाद्रीबाबांनी बोट वर केलं. पायचीत. गाव जिंकलं.

पियर्स हलेनात. "बॅटला लागला होता! आधी बॅटला!"

"बॅटला लागला असता तर लंगडला नसतात," ऑगल म्हणाले.

"म्हाताऱ्या, पुढच्या वर्षी बघतो तुला! याच मैदानावर!"

मिसेस ब्लॅगनी हातातली किटली खाली ठेवली. "ऐकलंत ना सगळ्यांनी? पुढच्या वर्षी. याच मैदानावर."

पियर्सनी एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग विचारलं की पाइप दुसरीकडे कुठे जातील का. मी म्हटलं, हॉलमागच्या तळ्यात. तांत्रिकदृष्ट्या तोच पर्याय उत्तम आहे. आज नवा नकाशा सुरू केला आहे.

जेवण वेळेवर घे. मुरंब्याबद्दल पुन्हा आभार. पत्राचं कारण तेवढंच होतं.

तुझी,
टॅम्सिन

ता. क. तळ्याचा पर्याय उत्तम नाही, चालण्यासारखा आहे. हे फक्त तुला.

आणखी ता. क. काम संपलं की मी परत येणार होते. मिसेस ब्लॅगच्या माडीवरची खोली मी कायमची घेतली आहे.

शेवटचं. पुढच्या उन्हाळ्यात हॉलकडून फ्लॅटमधली वयस्क मंडळी खेळणार आणि गाव आत्तापासून धास्तावलं आहे, अकरा जण जमतील ना? तू कॉलेजात फिरकी टाकायचीस असं बाबा सांगायचे. तळमजल्यावर दक्षिणेकडचा फ्लॅट अजून कुणी घेतलेला नाही. मी घाई करत नाही. तुझे निळे पडदे तिथल्या खिडक्यांना बसतात. मी मापं घेतली आहेत.