चिंचेच्या जागेवरचं ठेसन

नागपूर

माय, तुह्या वैजूचा पाया पडून नमस्कार.

मी मजेत आहे. डॉक्टरीनबाईनं उगाच पडून राह्याले सांगतलं, म्हनून तुले घ्याले येता येत नाही. फोनवरचं तू इसरतं, म्हनून लिहून राह्यली.

मांगच्या खेपेले आपन ज्या चिंचेखाली डबा खाल्ला, ते झाड शोधू नको. ते तोडलं अन् तिथंच खांबांवर मेट्रोचं ठेसन बांधलं. तुले तिथंच उतराचं आहे.

मेट्रोत चढतानी फरशी देवळासारखी चकचकीत दिसन, पन चप्पल खाली काढून ठेवू नको. वापस त्या रस्त्यानं येनं नाही.

गाडी सगळ्यात वरच्या मजल्यावर थांबते. एक मजला उतरली का फाटक लागते, तिथं टोकन टाक. पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगाले जिने आहेत. ज्या जिन्यावरून पान्याची टाकी दिसते, तो आपला.

बापू येळेवर जेवतात ना? वांग्याले पानी धीरज देईन का?

काल बाळ दिवसभर कमी हाललं. आज हालते, तू घोर लावून घेऊ नको.

जिन्यावर घाई करू नको, कठडा धरून उतर. पन माय, हे वाचून झालं का लगेच निघ.

तुही वाट पाहनारी,
वैजयंती