सुतकातला कौल

बुध. ४ नोव्हें. ८७
पणजीहून परतलो. डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलले. शालिनीच्या छातीतली गाठ कापायलाच हवी, आणि लवकर. तारीख १६, सोमवार. ही घालवली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही, आणि गाठ काही थांबणार नाही. मी मान डोलावली. बायकोने नाही.
चोपड्याच्या फेरीबोटीत एकदाचं तोंड उघडलं. "देवाक विचारल्याबगर मी कापून घेवची नाय."
देव म्हणजे आमचा कुळदेव, थेट डिचोलीपलीकडे. मी लाइनमन. तारेला हात लावण्याआधी टेस्टर लावतो, कौल लावत नाही. हे ओठांवर आलं होतं, गिळलं. घाबरली आहे बिचारी. मीही.

शुक्र. ६
रविवारी जायचं ठरलं. लग्न झाल्यावर एकदाच गेलो होतो, तेही भाड्याच्या गाडीने. आता बसने. मांद्रे ते चोपडे, फेरी, शिवोलीहून म्हापसा, तिथून डिचोली, पुढे गावातली बस. वेळा विचारल्या तर प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. परतीची शेवटची मात्र उन्हं उतरायच्या आत, यावर सगळ्यांचं एकमत.

रवि. ८
घरी पोचायला रात्र झाली. तरी लिहितो.
सकाळी फेरी मिळाली. म्हापशाला स्टँडवर उंडे पाव नि पातळभाजी. शालिनीचा उपास, तिने फक्त चहा. डिचोलीची बस भरल्याशिवाय हलेना. गोवा घटक राज्य झालं, बस तीच. आत दोघेजण कोकणी-मराठीवरून हमरीतुमरीवर आलेले. अस्नोड्याला एक उतरला म्हणून वाद संपला. पुढे खाणीचे ट्रक, लाल धूळ, खिडक्या बंद.
डिचोलीला गावातली बस. शालिनीला पुढे बायकांत जागा मिळाली, मला अगदी मागे. शेजारी त्याच गावचा म्हातारा, मांडीवर नारळांची पिशवी. कुठले, कोणाचे, सगळं विचारून झालं. आडनाव ऐकल्यावर म्हणाला, "अरे, तुमच्याच भावबंदांतलो अण्णा परां गेलो न्हय! सांगणें पावूंक ना तुमकां?"
परवाच वारला म्हणे. कोण अण्णा? जन्मात पाहिला नाही. पण भाऊबंद तो भाऊबंद. मला सुतक, शालिनीलाही. सुतकात कौल नाही, देवळाची पायरीसुद्धा नाही. आणि सुतक फिटेपर्यंत तारीख जाणार.
शालिनीने मागे वळून खुणेने विचारलं, काय? मी खुणेनेच, काही नाही.
म्हातारा देवळाच्या आधीच उतरला. बरं वाटलं, याची लाज वाटते.
गुरवाने विचारलं, "सुतक-बितक ना मूं?" शालिनी लगेच, "नाय." मी जमिनीकडे पाहत राहिलो.
देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या फुलपाकळ्या लावल्या. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. उजवी सुटली तर कापायचं, डावी सुटली तर नाही. बराच वेळ काहीच नाही. शेवटच्या बसचा हॉर्न ऐकू आला आणि डावी सुटली.
शालिनीने कपाळ टेकवलं, उठली, पदर सारखा केला. रडली नाही. बसपर्यंत धावत आलो. सगळ्या वाटेत तिचा चेहरा शांत. तिच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

मंगळ. १०
"पणजीक जावन सांगून येवा, येवची नाय म्हणान." होय म्हणालो. गेलो नाही.
चारचौघांत मी देव मानत नाही असं सांगत फिरतो. मग डावी पडली ते मी एवढं मनावर का घेतलं?
सुतक होतं हे सांगितलं तर तो कौल कौलच नव्हे. पण मग सुतक फिटू दे, परत विचारू, म्हणेल. शिवाय माझं तोंड पाहणार नाही. न सांगावं तर गाठ आहे तशी राहील.


गुरु. १२
सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. बसमधला म्हातारा, अण्णा, मी कसा गप्प राहिलो, सगळं. तिचे हात तांदळात चालूच होते.
सूप बाजूला ठेवून विहिरीवर गेली, डोक्यावरून पाणी घेतलं. मलाही घ्यायला लावलं. देवापुढचा दिवा लावला नाही. जेवण वाढलं, स्वतः जेवली नाही.

शनि. १४
आज बोलली. मी कामावरून आलो, सायकल टेकवत होतो. दारातच उभी होती.
"देवान नको म्हटलां ता कोणाक? माका, काय तुमका?"
 उत्तराची वाट न पाहता ती आत गेली.
रात्रभर मनात एकच, तू मरू नकोस. हे तिला अजून सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात असलं काही बोलायची सवय लागली नाही.

सोम. १६
बसथांब्यावर. पहाटे उठलो तर ती नऊवारी नेसून तयार. पिशवी भरलेली. कुठे, हे सांगितलं नाही. मी विचारलं नाही, शर्ट घातला नि मागोमाग आलो.
इथून दोन बस. एक केरीला, तिच्या माहेरी. दुसरी चोपड्याला, म्हणजे फेरी नि पुढे पणजी.
ती दगडावर बसली आहे. तू मरू नकोस, हे शेवटी बोललो. मोठ्याने बोललो बहुतेक, पलीकडच्या पाववाल्या पोदेराने मान वळवली. तिने पदराने डोळे पुसले.
केरीची आली. कंडक्टर ओरडला, "केरी, केरी!" तिने पिशवी उचलली, मांडीवर घेतली. बसूनच राहिली. बस गेली.
चोपड्याची अजून दिसत नाही.