ओघळ नाही, असा दिलेला जबाब मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, पन्हाळा, जि. कोल्हापूर

अर्जदार : झुंबरबाई केरबा चौगुले, वय ८१, रा. उंबरटेक

विषय : शेतघराच्या जागेबाबतचा माझा खोटा जबाब रद्द करून पाण्याची वाट मोकळी होणेबाबत.

संदर्भ : जागेचा पंचनामा, दि. १८ एप्रिल २०२२

महोदय,

१. माझा मुलगा राजवर्धन याने आमच्या रानात घर बांधले आहे. घर रानाला शोभले पाहिजे, एकही झाड तुटता कामा नये, हा हट्ट माझा. नकाशात मधोमध आंबा येत होता. मी सून म्हणून आले त्या वर्षी मालकांनी तो लावला. तो वाचावा म्हणून घर चाळीस फूट पूर्वेला मीच सरकवायला लावले.

२. तिथे ओघळ आहे. आषाढ-श्रावणात टेकडीचे पाणी तिच्यातून ओढ्याला जाते. एरवी नुसते गवत दिसते. पंचनाम्याला तलाठ्यांनी विचारले, "आजी, हितनं पाणी वाहतंय काय?" साठ वर्षे मी त्या पाण्यात पाय धुतले आहेत. तरी "न्हाय" म्हणाले आणि सही केली.

३. घर देखणे झाले. जांभा दगड, कौले, उतार धरून पायऱ्या. कोल्हापुरातून, पार राजारामपुरीतून लोक बघायला येतात. पण पूर्वेच्या व्हरांड्याच्या जोत्याला अडलेले पाणी वळून शेजारच्या हुसेनबींच्या रानात शिरते. दोन पावसाळे त्यांचा भुईमूग जमिनीतच कुजला. दरवर्षी त्या मला ओल्या शेंगांची पाटी पाठवायच्या. गेल्या दसऱ्याला निरोप आला : "औंदा शेंगा न्हाईत, आक्का. राग धरू नगा." तेव्हापासून मला त्यांच्या बांधावरून जाता येत नाही. त्यांनी तक्रार केलेली नाही, म्हणून मी करीत आहे.

४. घर मुलाच्या नावावर आहे. तो म्हणतो, "आई, व्हरांडा पाडायचा म्हणजे घराचं नाकच कापायचं की!" आपल्या कार्यालयातील बाईही म्हणाल्या, "आजी, तक्रार तुमचीच अन् तुमच्यावरच व्हय?" तसेच आहे.

५. तरी जूनच्या आत पूर्वेचा व्हरांडा व त्यापुढचा दगडी बांध, गडगा काढण्याचा आदेश मुलास द्यावा. ओघळ कोणत्याही नकाशावर नाही. पाहणीला मी स्वतः चालत येऊन ती दाखवीन. खोट्या जबाबाची शिक्षा मान्य आहे, पण आधी पाणी सोडावे.

६. हा अर्ज हुसेनबींना कळवू नये. त्या "ऱ्हाऊ द्या, आक्का" म्हणतील, आणि मी ऐकेन.

आपली कसूरवार,
झुंबरबाई केरबा चौगुले
(सही)
दि. ९ मार्च २०२५

सोबत : पंचनाम्याची नक्कल, घराचा नकाशा (त्यावर ओघळ मी पेनाने काढली आहे).