सतरा नंबरची चिठ्ठी

१८ नोव्हेंबर १९६३, सोमवार

झालो बुवा एकदाचा रुजू! एसटीतून उतरलो तेव्हा अंगावर बोटभर धूळ होती, पण मन खुश. टेलिफोनचं ऑफिस म्हणजे पोस्टामागची एक खोली अन् त्यात बोर्ड. बोर्डावर पंचवीस नंबर, पंचवीस पितळी पडद्या. गावात कोणी हँडल फिरवलं की त्याची पडदी खटकन पडते. मी त्याच्या भोकात प्लग घालतो, कोण पाह्यजे इचारतो, दोरीचा दुसरा प्लग त्या नंबरात घालतो. झालं काम! जालन्याची ट्रंक लाईन, म्हणजे लांबच्या गावची तार, मात्र एकच. म्हणून आधी चिठ्ठी लिहायची, मग पाळीपाळीनं जोडून द्यायचं. साखरखेर्ड्याहून जालन्याले बोलायचं तरी माह्याच बोर्डावरून जावं लागते. म्हणजे साऱ्या मुलखाचं तोंड माह्या हातात!

शालू साखरखेर्ड्यालेच आहे, माहेरी. पहिलं बाळंतपण, आठवा लागला. तिची तब्येत नाजूक, डॉक्टर जालन्याचा. मी तिले सांगून आलो, काही झालं तर भावाले समोरच्या पोस्टातून फोन करायले लाव, अर्ध्या मिनिटात डॉक्टर जोडून देतो. नवरा बोर्डावर बसला आहे, भ्यायचं काऊन?

१९ नोव्हेंबर

जुना ऑपरेटर रंगराव आज चार्ज देऊन गेला. भलता भित्रा माणूस. जाताना दारातून परत आला अन् सांगतलं, रोज दुपारी बारा वाजता सतरा नंबरची पडदी पडते. बोटानं वर करायची, प्लग घालायचा नाही. अन् काही झालं तरी तिची चिठ्ठी लिहायची नाही. लिहिलेली चिठ्ठी फाडता येत नाही, तिची पाळी आली की लाईन द्यावीच लागते, म्हणे. मी खो खो हसलो.

२१ नोव्हेंबर

नोकरी मानवली. आज एका म्हातारीले लेकाशी बोलायचं होतं. साहेब म्हणत नव्हती, मग ठेवली तासभर ताटकळत. कापसाच्या जिनवाले भगवंतराव मात्र आदबीनं बोलतात. त्यांची चिठ्ठी मी खालून काढून वर घेतो. त्यात काय एवढं, सारेच ऑपरेटर करतात.

२३ नोव्हेंबर

बाराच्या ठोक्याले सतराची पडदी पडली. मी मुद्दाम प्लग घातला. बाईचा आवाज, म्हातारा, लई नरम. जालन्याच्या डॉक्टरची लाईन दे बाबा, सून अडली आहे, म्हणे. मी ठेवून दिलं.

लाइनमन कडूबाले इचारलं. त्यानं आधी दार लोटलं. मग सांगतलं, तो नंबर अन्नपूर्णाबाईचा. दोन वर्षांमागं तिची सून बाळंतपणात अडली. रंगराव लाईन बिझी म्हणत राह्यला, कारण ट्रंकवर भगवंतराव कापसाचा भाव इचारत होते. सून गेली, लेकरू गेलं. मग फोन कानाशी धरूनच म्हातारी गेली. घराले कुलूप आहे. खांबावरची तार कडूबानं सोताच्या हातानं तोडली.

२५ नोव्हेंबर

गंमत केली. बारा वाजता चिठ्ठीच लिहिली. सतरा नंबर, जालना, दवाखाना, अर्जंट. घे म्हातारे, तुही पाळी लागली, म्हटलं. तिनं मले आशीर्वाद दिला. कडूबाले चिठ्ठी दाखवली तर तो हसला नाही. चप्पल घालून निघून गेला.

२६ नोव्हेंबर

चिठ्ठी मी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवली होती. आज साऱ्यात वर. फाडली. चहा पिऊन आलो तर परत वर, माह्याच अक्षरात.

बारानंतर ट्रंक लागेचना. जालन्याचा ऑपरेटर एकदाच मधात आला, म्हणे, तुमच्याकडूनच कोणीतरी बोलून राह्यलं. ट्रंकमध्ये तर प्लगच नाही! कानाले लावलं. पलीकडं घंटी वाजते, कोणी उचलत नाही. अन् जवळ म्हातारीचा श्वास. एका कॉलले तीनच मिनिटं असतात; झाली, म्हटलं. आणखी तीन दे, म्हणे.

२७ नोव्हेंबर

अजून तीन. अजून तीन. दिवसभर हेच. भगवंतराव ऑफिसात येऊन बोंबलून गेले. कडूबा नदीपर्यंत खांब पाहून आला, तार चांगली आहे. मी हात जोडले. आजी, माही बायको पोटुशी आहे, सोड लाईन. म्हणे, माह्या सुनेले दोन दिवस लागले बाबा. थांब ना.

मले भेव वाटून राह्यलं. साखरखेर्ड्याची पडदी पडू नये, देवा.

२८ नोव्हेंबर

पडली. दहा वाजता. शालूचा भाऊ. दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या, रगत थांबत नाही, डॉक्टर जोडा—

ट्रंकवर म्हातारी. सारे प्लग उपसले. ट्रंकची तार पक्कडीनं तोडून परत जोडली. तरी तीच. आणखी तीन, आणखी तीन.

कडूबाले एसटीनं जालन्याले धाडलं. पोचेल कधी?

भाऊ परत परत हँडल फिरवते. रस्त्यापलीकडून शालूचं ओरडणं फोनात येते. मी काय सांगू? लाईन बिझी आहे, म्हटलं. माह्याच तोंडानं म्हटलं.

चार वाजता ओरडणं थांबलं. भावानं मग फोन केला नाही.

२९ नोव्हेंबर

दोघंही. पोरगा होता.

साखरखेर्ड्याची माणसं मले मातीले न्यायले आली आहेत. मी उठत नाही. मी आतून कडी लावली.

बारा वाजले. सतराची पडदी पडली नाही. चिठ्ठी गठ्ठ्यात नाही. ट्रंक मोकळी. आज मोकळी!

पडली. साखरखेर्ड्याची.

शालू आहे. शालूच आहे. अहो, डॉक्टर जोडा ना, म्हणे. रागावली नाही. मागं लेकरू रडते, लहान—

जोडतो, म्हटलं. चिठ्ठी नाही लिहिली, सरळ जालन्यात प्लग घातला. घंटी वाजते. कोणी उचलत नाही. बाहेर दार ठोकून राह्यले, माती खोळंबली म्हणतात. उठलो तर तिची लाईन कोण—

आणखी किती वेळ, इचारते. तीन मिनिटं, म्हटलं. शालू, ठेवू नको, फक्त तीन, अन् मग आणखी—