दुसऱ्या वाइनचा खरा जाणकार

१ जानेवारी, सकाळी ६.१०
संकल्प एकच. या वर्षी निफाडकडच्या त्या वाइन इस्टेटच्या टेस्टिंग पॅनेलवर बसायचं. बाहेरच्यांसाठी जागा एक. गेल्या वर्षी अर्जाला उत्तरच आलं नाही. ईमेलने दगा दिला. फ्रान्समधल्या बोर्दो पद्धतीच्या वाइनचा तीन वर्षं स्वतःच्या हिमतीवर अभ्यास केलेला माणूस नंदुरबारात दुसरा नाही. चौकशी केली आहे.

५ जानेवारी
सुनिताला समजावलं. मोठी इस्टेट निवडक पिंपांतली वाइन पहिल्या लेबलखाली विकते. कोवळ्या वेलींची, निवडीत मागे पडलेली, ती दुसरी वाइन. माती तीच, हात तेच, रुबाब कमी. पहिलीचं कौतुक लेबल वाचून कोणीही करतो. दुसरी ओळखायला नाक लागतं.
ती मिरच्यांचे देठ खुडत होती. म्हणाली, "म्हंजे दोन नंबरना माल ना?"
वीस वर्षं मिरचीकुटाच्या दुकानात काढली की विचार असेच होतात. मीही वीस वर्षं तिथेच आहे, पण गल्ल्यावर.

११ जानेवारी
अर्जासोबत परीक्षा आहे. नंबर घातलेल्या सहा लहान बाटल्या. कोणती पहिली वाइन, कोणती दुसरी, लिहून पाठवायचं. एका नावावर एकच संच. म्हणून सुनिताच्या नावानेही अर्ज केला. तिचा संच मला सरावाला. ही लबाडी नव्हे, पूर्वतयारी.

१९ जानेवारी
मेहुणा योगेंद्र नाशिकहून दोन्ही संच घेऊन आला. कशात? डिकीत! डिकीचं तापमान किती होतं विचारलं. म्हणाला, "दाजी, माले थंडी वाजी ऱ्हायनी व्हती, तिले काय व्हस?"
माणसं अशी.

२६ जानेवारी, दुपारी ४.००
चाखणी. तापमान साडेसोळा. त्यासाठी फ्रीजमधली मेथी बाहेर काढली. नाक साफ करायला जाणकार कॉफीच्या बिया हुंगतात. बिया नव्हत्या. इन्स्टंट कॉफीची बरणी हुंगली, प्रत्येक घोटाआधी.
नंबर एक: कॉफी. गंभीर.
नंबर दोन: कॉफी, अधिक खोल.
नंबर तीन: कॉफी, पण स्वभावाने नम्र.
सहाही बाटल्यांत ओक लाकडाच्या पिंपाची खूण स्पष्ट. उत्तरं पाठवली.

त्याच दिवशी, ५.३०
पडताळ्यासाठी सरावाचा संच काढला. बाटल्या अर्ध्या! सुनिता म्हणाली, "मन्हा नाववर व्हत्यात ना?" सकाळीच चाखल्या म्हणे. स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या, स्टीलच्या वाट्यांतून. प्रत्येक वाटीआधी स्वतःचा पदर हुंगून. मार्केटात मिरचीचं पोतं पसंत करताना करते तसं. उत्तरंही मुलीने, रूपाने, मोबाइलवरून पाठवून दिली.
असो. बिचारीला हौस.

९ फेब्रुवारी
निकाल. मी सहापैकी एक. सुनिता सहापैकी सहा.

९ फेब्रुवारी, पुन्हा
विश्वासघात. कोणाकोणाचा, क्रमाने: डिकी. कॉफीची बरणी. मेथी, कारण फ्रीजमधून काढली तरी वास मागे ठेवून गेली. इस्टेट, कारण त्यांची दुसरी वाइन आता पहिलीसारखी लागते आणि हे अभ्यासकांना कळवायचं सौजन्य नाही. पण घाव बसला तो घरातून. जिला मी पहिली वाइन आणि दुसरी वाइन हे शब्द शिकवले, तिनेच.
शांतपणे विचारलं, ओळखलंस कसं?
म्हणाली, "जुना वेलनी दम धरस. कवळानी नुसती बडबड करस."
तीन वर्षांच्या वाचनात हे वाक्य कुठे आढळलं नाही. टिपणवहीत उतरवलं. नाव घातलं नाही.

१० फेब्रुवारी
इस्टेटला फोन. आडनाव एकच, पत्ता एकच, निकालात अदलाबदल झालेली असू शकते, हे सभ्यपणे सुचवलं. तिकडची बाई म्हणाली, सर, फोन मॅडमना द्या ना. दिला. अकरा मिनिटं बोलल्या. मॅडम हसत होत्या.

१५ फेब्रुवारी
पॅनेलवरची ती एक जागा सुनिताला. ती जाणार नाही असं वाटलं होतं. दुकान कोण बघेल, हा मुद्दा मी तीनदा मांडला. म्हणाली, "कुलूप शे ना."

२२ फेब्रुवारी
पॅनेल १ मार्चला. सोबत एक माणूस चालतो. मीच जाणार. ऐन वेळी मार्गदर्शनाला कोणी तरी लागेलच.
सोबत्याचा फॉर्म रूपाने भरला. नाव माझं. नातं: पती. शेवटचा रकाना, वाइनचं ज्ञान: नाही, थोडं, चांगलं. तिने 'थोडं'वर खूण केली आहे.
बापाचा असा अपमान का, म्हणून विचारलं.
म्हणाली, "पप्पा, आई 'नाही' म्हणत होती. मी भांडून 'थोडं' केलं."